चिंधी बांधलेलं फूल

पोपटाला सूर्यफूल पिकल्याचं माझ्याआधी कळतं. मी रोज सकाळी गच्चीवर जाते, फुलाची पाठ बघते, कडेचं एक बी उपटून नखाने दाबून पाहते आणि ‘अजून चार दिवस’ असं स्वतःशी ठरवून चहाला खाली येते. पोपट असलं काही ठरवत बसत नाही. बियांत दूध भरायला लागलं की तो येतो, दोन-चार ठिकाणी चोच मारून चव बघतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन परत येतो.

“आई, बी धरायचा एवढा खटाटोप कशाला? वीस बियांचं पाकीट घरपोच मिळतं,” असं माझी मुलगी मला दर वर्षी एकदा सांगते. मिळतं, खरं आहे. तिला मी काही उत्तर देत नाही, कारण जे उत्तर आहे ते पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये उभं राहून सांगितलं तर खुळ्यासारखं वाटेल. म्हणून इथे लिहिते.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीला बार्शीकडे गावी गेले होते. चुलतभावाच्या शेतातल्या खोलीत, खताच्या पोत्यांमागे, एका फाटक्या पिशवीत बी दिसलं. गुलाबी रंगाचं, औषध चोळलेलं. मी विचारलं तर म्हणाला, “ने की ताई दोन मुठी. गेल्या साली हौसेनं एकरभर सूर्यफूल केलं, पाखरांनी धुऊन नेलं. आता कोण करतंय? पण खाऊ नको हां, औषध लावलंय त्याला.” मी दोन मुठी नाही, एक मूठ आणली. वीस लिटरच्या बादल्यांना बुडाला भोकं पाडली, माती-शेणखत भरलं, अकरा रोपं जगली. जानेवारीत ती फुलली तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीही फोटो काढले. फेब्रुवारीत एका सकाळी वर गेले तर सगळ्यात मोठं फूल फरशीवर पालथं पडलेलं. मान कुरतडलेली, भोवती टरफलांचा सडा.

खार की घूस, यावर आमच्या जिन्यात दोन दिवस चर्चा झाली. पोपट नव्हता हे मी खात्रीने सांगितलं. पोपट एक बी उचलतो, जिभेने फिरवतो, टरफल उभं चिरून दोन शकलं खाली टाकतो. ही टरफलं कडेने चावलेली होती. शेवटी चौथ्या दिवशी आरोपी रंगेहाथ सापडली. खारच. पाण्याच्या टाकीवर बसून, दोन हातांत बी धरून, माझ्याकडे बघत शांतपणे खात होती. तिच्या पाठीवर रामाने बोटं फिरवली म्हणे. मी त्या क्षणी दुसरं काहीतरी फिरवायच्या विचारात होते.

त्या वर्षी अकरा फुलांमधून माझ्या हाती एकही बी लागलं नाही. आणि मला आठवलं की मी एकेकाळी याच कामाची होते.

आमच्या लहानपणी सूर्यफूल हे बार्शी, सोलापूर, लातूर, उस्मानाबादकडचं नव्या नवलाईचं पीक होतं. मुळात ते फूल अमेरिकेतलं. तिथून युरोपात, मग रशियात गेलं. रशियातल्या क्रास्नोदारला पुस्तोव्होइत नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवून त्याच्या बियांतलं तेल वाढवलं आणि १९६९ साली ते तेलबी म्हणून आपल्याकडे आलं. मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. कमी पाण्यावर, तीन महिन्यांत, कुठल्याही हंगामात येणारं पीक म्हटल्यावर कोरडवाहू माणसाचे कान टवकारणारच. खरीप म्हणा, रब्बी म्हणा, उन्हाळी म्हणा, सूर्यफूल तक्रार करत नाही. आमच्याकडे ‘मॉर्डन’ नावाचा वाण असायचा. आण्णा त्याला ‘मार्डन’ म्हणत. बुटका, माझ्या छातीला लागेल एवढा, ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत पदरात पडणारा. सातवीत असताना मला वाटायचं की मॉडर्न म्हणजे बुटकं.

त्या पिकाची राखण पोरांकडे. पाखरं दिवसभर येत नाहीत. त्यांच्याही कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारपासून दिवस बुडेपर्यंत. दुपारी ती कुठल्या तरी चिंचेवर डुलक्या काढतात. शाळा अकराची, म्हणजे पाखरांच्या आणि माझ्या वेळापत्रकात कसलीच अडचण नव्हती, हे आण्णांनी फार आनंदाने हेरलं होतं. पौषातली थंडी, अंगावर घोंगडी, आणि चार मेढींवर बाज टाकून केलेला माळा. माळा शेताच्या उगवतीच्या अंगाला होता. त्यामुळे मी वर चढून बसले की सगळं शेत माझ्याकडे तोंड करून उभं असायचं. फुलं दिवसभर सूर्यामागे मान फिरवतात असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं आणि मी माळ्यावर बसून रोज बघत होते की ती फिरवत नाहीत. कळीत असताना फिरवतात, पूर्ण उमललं की मान उगवतीला आखडते ती कायमची. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुस्तकात आहे ते लिही. पुढे २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी त्याचं कारण दाखवलं. पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं आणि तापलेल्या फुलावर मधमाश्या कितीतरी जास्त येतात. बाईंना कळवायला त्या आता नाहीत.

माळ्यावर माझ्याकडे दोन हत्यारं. एक घसा आणि दुसरी गोफण. गोफण आजीने अंबाडीच्या वाखाची विणलेली, मधे दगड ठेवायला हातभर नाही, वीतभर जाळी. डोक्याभोवती तीनदा फिरवायची आणि एक टोक सोडायचं. दगड पोपटाला लागत नाही, लागायचाही नसतो. टोक सुटताना जो ‘फाट्’ असा आवाज होतो, त्याने थवा उठतो. मागोमाग हाळी द्यायची, “हाऽऽऽ हुर्र्या!” ओढ्यापलीकडच्या शेतातून कुणाची तरी हाळी यायची, त्यापलीकडून आणखी एक. थवा हिरव्या चादरीसारखा एका शेतावरून उठून दुसऱ्यावर पसरायचा आणि हाळ्या त्याच्यामागे धावायच्या. आपल्याकडून उठवला तो पलीकडच्या पोराच्या गळ्यात, त्याने उठवला की तिसऱ्याच्या. यात भांडणंही व्हायची, पण खरं तर सगळे मिळून एकच काम करत होतो. पाखरांना कुठेच निवांत बसू द्यायचं नाही.

बुजगावणं होतं, त्याचा उपयोग दोन दिवस. तिसऱ्या दिवशी चिमण्या त्याच्या खांद्यावर. मग एका वर्षी काकांनी जुन्या कॅसेटींची फीत उपसून शेतभर ताणली. वाऱ्यावर ती गुणगुणायची आणि उन्हात चकाकायची, पोपट आठवडाभर बिचकले. त्यांतली एक कॅसेट आत्याच्या लग्नातली निघाली हे नंतर कळलं. आत्या अजून बोलून दाखवते.

आजीला मी एकदा विचारलं होतं, पाखरांना हाकलायचं पाप लागतं का. कीर्तनात ऐकलं होतं की तुकोबांना कुणी शेत राखायला बसवलं, तर त्यांनी पाखरांना खुशाल खाऊ दिलं आणि शेवटी मोजलं तर धान्य उलट वाढूनच भरलं. आजी चुलीशी होती. म्हणाली, “ते तुकोबा हुते. तू आपली गोफण फिरव.”

पण याच आजीने मला बियाण्याची गोष्ट शिकवली, म्हणजे शिकवायची म्हणून नाही, मी मागे मागे फिरले म्हणून दिसली. कापणीच्या पंधरा दिवस आधी ती शेतात शिरायची. कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या. एखाद्या फुलाशी थांबायची, मागून बघायची, पुढून बघायची आणि देठाला चिंधी बांधायची. ती सगळ्यात मोठं फूल कधीच धरत नसे. मला ते अगम्य वाटायचं. ताटाएवढं फूल सोडून ही बशीएवढ्याला चिंधी बांधते! एकदा तिने ताटाएवढं फूल माझ्यासमोर मधोमध दाबलं. आतली बोटभर जागा पोचट, नुसती टरफलं. “ह्याचं पोट रिकामं,” म्हणाली. तिला हवं असायचं मध्यापर्यंत भरलेलं आणि मान पुरती खाली घातलेलं. मान खाली घातलेल्या फुलावर पाखराला बसायला जागा मिळत नाही, उलटं लटकून खावं लागतं, तेवढं ते कंटाळतं. वाकलेल्या मानेची, आतल्या बाजूला खोलगट फुलं पाखरांपासून जास्त वाचतात, हे तेलबियांच्या संशोधकांनीही नोंदवलेलं आहे. आजीने ते नुसतं बघितलेलं होतं.

चिंधीची फुलं आधी कापायची. बाकीचं शेत अजून उभं असताना. मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, आणि मला ते कळायला पन्नाशी उलटावी लागली. आपण समजतो की पीक येतं, खाऊन-विकून उरतं, त्यातलं बी ठेवतात. घरात उलटं होतं. बी आधी निघायचं. मग घाण्याचं, मग सावकाराचं नाही तर सोसायटीचं, आणि पाखरांनी खाल्लेलं तर त्याच्याही आधी गेलेलं. त्या फुलांच्याही फक्त कडेच्या चार-पाच रांगा बियाण्याला, मधलं बी घाण्याला. ते बी दोन दिवस उन्हात, मग सावलीत, मग राख आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून उतरंडीतल्या मधल्या मडक्यात. वरच्या मडक्यात रोजचं काहीतरी असायचं, खालच्याला हात पोचायचा नाही. मधल्या मडक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आण्णांचीही.

तर दुसऱ्या वर्षी, खारीने दिलेला धडा ध्यानात ठेवून, मी फुलं उमलायला लागली त्याच दिवशी मच्छरदाणीचे तुकडे करून त्यांच्या तोंडाला बांधले. खार आली, जाळीला नाक लावून गेली. पोपट आले, गेले. मी विजयी. महिन्याने जाळी सोडली तर फुलात भरगच्च बिया. दाबल्या तर सगळ्या पोचट. शंभरात आठ-दहा भरलेल्या असतील.

स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशी वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते शेकडो बारक्या फुलांचं तबक असतं. ती कडेपासून आत, रोज दोन-चार रांगा, अशी आठ-दहा दिवस उमलत जातात. त्यातल्या पुष्कळ झाडांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. तो आणणार मधमाशी. आणि मी तर मधमाशीलाच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. गावी ज्या वर्षी माश्या कमी दिसत त्या वर्षी आण्णा सकाळी सातनंतर हाताला धोतराचा मऊ तुकडा गुंडाळून फुलाफुलावरून हात फिरवत जायचे, एक दिवसाआड, दोन आठवडे. तालुक्याच्या शेती अधिकाऱ्यांनी सांगितलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस शेतातल्या प्रत्येक फुलाचं तोंड पुसतोय. गावातले लोक हसायचे. त्या वर्षी आमचं वजन चांगलं भरलं तेव्हा हसणाऱ्यांनी धोतरं फाडली.

तिसऱ्या वर्षीपासून जमायला लागलं. आता जे करते ते असं. फुलं उघडी ठेवते, माश्यांना येऊ देते, एखाद्या सकाळी आण्णांसारखा हातही फिरवते. पिवळ्या पाकळ्या सुकून गळायला लागल्या की माश्यांचं काम झालेलं असतं आणि पोपटाचं अजून सुरू व्हायचं असतं. मधे चार-पाच दिवसांची फट मिळते. त्या फटीत पिशव्या चढवायच्या. कांद्याची जाळीची पिशवी चालत नाही, तिच्या भोकातून चोच सहज जाते. प्लास्टिक तर अजिबात नको, आत घाम धरतो आणि फूल बुरशीने काळं पडतं. मी आण्णांच्या जुन्या पंचांच्या पिशव्या शिवल्यात, नाडी घालून. पंचा झिरझिरीत असतो, वारा जातो, आतलं काही दिसत नाही. न दिसणं महत्त्वाचं आहे. ज्या दोन पिशव्या मी एकदा सैल बांधल्या होत्या त्या खारीने खालून उघडल्या, म्हणजे तिला नाडी कळते. आता दोन गाठी मारते.

अकरातल्या फक्त चार फुलांना पिशव्या. त्या आधी त्यांच्या देठाला चिंधी. बाकीची सात उघडी. आधी हे नाइलाजाने सुरू झालं, पंचे तेवढेच होते म्हणून. मग दिसलं की उघडी फुलं आहेत तोवर पिशव्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. पोपट आळशी असतो. सोपं समोर असताना अवघड कशाला, हे त्याला माणसाइतकंच कळतं. सकाळी सहा-सव्वासहाला कर्कश कालवा करत येतात, फुलाच्या कडेला बसतात, डाव्या पायात बी धरून खातात, निम्मं खाली सांडतात. सांडलेलं टिपायला चिमण्या येतात. आमच्या भागात चिमण्या दिसत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी फेब्रुवारीत सकाळी माझ्या गच्चीवर यावं, चहा मी देईन.

काढायची वेळ मात्र अजूनही चुकते. फुलाची पाठ हिरवी असते, ती आधी लिंबासारखी पिवळी होते, मग कडेची पानं तपकिरी पडतात. पिवळी झाली की बी आतून तयार असतं, पण ओलं असतं. तपकिरी होईपर्यंत थांबलं तर कोरडं मिळतं, पण तेवढे दिवस राखण लांबते. गच्चीवरच्या माणसाने पिवळ्यावर काढावं या मताला मी आले आहे. हातभर देठ ठेवून कापायचं आणि पिशवीसकट उलटं टांगायचं, सावलीत, वारा लागेल तिथे. माझी फुलं जिन्याच्या कठड्याला टांगलेली असतात. वर येणारे पाहुणे दचकतात. दोन-तीन आठवड्यांनी दोन फुलं एकमेकांवर घासली की बी झडतं. ते सुपात घेऊन पाखडायचं. पोचट उडून जातं, भरलेलं खाली राहतं. सूप माझ्या लग्नातलं आहे आणि त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काम मिळालंय. मग बी दाताखाली धरायचं. नुसतं चेपलं तर अजून ओल आहे, कट्कन तुटलं तर बरणीत भरायचं.

पहिली बरणी भरली त्याच आठवड्यात मी अधीरपणे दहा बिया पेरून पाहिल्या. एकही उगवली नाही. वाटलं, एवढा खटाटोप करून मेलेलं बी राखलं. नंतर कळलं की ताजं सूर्यफूल महिना-दीड महिना झोपलेलं असतं, उठवलं तरी उठत नाही. जूनमध्ये त्याच बरणीतल्या दहा पेरल्या, नऊ आल्या. आणि त्या नवांनी मला पुढचा धक्का दिला.

एकही दुसरीसारखी नव्हती. दोन कमरेएवढी, एक माझ्या डोक्यावर दीड हात. एकाला फांद्या फुटून सात बारकी फुलं. एकाचं फूल मोठं, देखणं, पण त्यावर पिवळी धूळच नाही, परागच नव्हते. चुलतभावाला फोटो पाठवले तर तो हसला. “ताई, ते हायब्रीड हुतं. त्याचं बी धरत नसत्यात. दरसाल इकत घ्यावं लागतं.”

हे मला ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. संकरित बी म्हणजे दोन वेगवेगळ्या घराण्यांचं लग्न. पहिल्या पिढीत सगळी मुलं एकसारखी आणि जोमाची, त्यांच्या मुलांत मात्र आजा-पणजा जो तो डोकं वर काढतो. सूर्यफुलाचं हे लग्न लावणं सोपं नव्हतं, कारण एकाच तबकातले शेकडो पुंकेसर हाताने कोण काढत बसणार? १९६९ साली फ्रान्समधल्या लक्लेर्क यांना पराग न धरणारी झाडं मिळाली आणि मग जगभर संकरित सूर्यफुलाचा रस्ता उघडला. आपल्याकडे बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये पहिला संकरित वाण दिला. उत्पन्न वाढलं, यात वाद नाही. पण आजीची चिंधी त्याच वर्षांत कधीतरी सुटली. मडकं बियाण्याऐवजी मेथ्या ठेवायला आलं. मला हायब्रीडवर राग काढायचा नाहीये. ज्याचं पोट शेतावर आहे त्याने चार पोती जास्त देणारं बी का घेऊ नये? फक्त त्या पिशवीबरोबर घरातलं एक काम गेलं, आणि ते काम करणारी नजरही. कुठलं फूल धरायचं हे गावात आज कुणाला विचारावं, मला सुचत नाही.

सूर्यफूलही गेलं म्हणा. नव्वदच्या दशकात देशात वीस लाख हेक्टरांच्या वर असलेलं हे पीक आता त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरलं आहे. बाहेरून स्वस्त तेल आलं, सोयाबीनने रान व्यापलं, रोग आले. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि पुण्यातल्या किराणा दुकानात तेलाच्या पिशवीचा भाव चढला, तेव्हा अनेकांना कळलं की आपली भजी काळ्या समुद्राकाठच्या शेतांत तळली जात होती. पण चुलतभावाने सांगितलेलं कारण मला सगळ्यात जास्त पटतं. तो म्हणतो, सगळ्या गावाचं सूर्यफूल असायचं तेव्हा पोपटांनी किती खाल्लं तरी ते वाटून जायचं, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं. आता गावात एकाच माणसाने लावलं तर पंचक्रोशीतला पोपट त्याच्याच शेतात. आणि पलीकडून हाळी द्यायला कुणी नाही. पीक कमी झालं म्हणून पाखरं जड झाली, पाखरं जड झाली म्हणून उरलेल्यांनीही सोडलं.

मधे मी उत्तर अमेरिकेतल्या मिझुरी नदीकाठच्या हिदात्सा लोकांविषयी वाचत होते. हिदात्सांमधल्या बफेलो बर्ड वुमन नावाच्या एका म्हातारीने आपली सगळी शेती गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला बसून सांगितली आणि १९१७ साली ती छापली गेली. वसंतात पहिलं पेरायचं ते सूर्यफूल, तेही शेताच्या कडेकडेने. काळं, पांढरं, तांबडं, पट्ट्यांचं असे वाण, आणि काळ्याचं काळंच येणार, पांढऱ्याचं पांढरंच, इतके ते पक्के झालेले. कापलेली फुलं त्या मातीच्या गोल घरांच्या छपरावर पालथी वाळत घालायच्या. आणि मक्याच्या शेतात पाखरं हाकायला लाकडी माळा, त्यावर पोरी बसून गाणी म्हणायच्या! मी वाचता वाचता थांबले. ज्या खंडातून हे फूल निघालं, जग फिरून आमच्या ओढ्याकाठी आलं, तिथेही माळ्यावर पोरगीच होती. तिच्याकडे गोफण होती का ते त्यात नाही. गाणी होती, म्हणजे आमच्यापेक्षा बरं. आम्ही नुसतेच ओरडायचो.

त्या वाचनाने मला एक धीर दिला. वाण काही आभाळातून पक्के होऊन पडत नाहीत. कुणीतरी दर वर्षी चिंधी बांधत गेलं म्हणून काळ्याचं काळं आलं. मग माझ्या त्या नऊ अठरापगड रोपांतून मी मान पुरती खाली घालणारी, मध्यापर्यंत भरणारी तीन धरली. पुढच्या वर्षी त्यांच्या पोरांतून चार. गच्चीवर अकरा बादल्या असताना कुणी वाण तयार करत नसतं, हे मला समजतं. निवडायला शेकडो झाडं लागतात. पण चौथ्या पिढीत उंची जरा सारखी यायला लागली आहे. फांद्यावाली अजून एखादी निघतेच. तिला मी खारीच्या वाट्याला देते.

गेल्या उन्हाळ्यात बरणीतलं अर्धं बी मोजून वेगळं केलं, एकशे साठ भरलं. जुन्या पंचाच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली, वर वर्ष लिहिलं आणि गावाकडे जाणाऱ्या एकाच्या हाती भावाला पाठवली. सोबत चिठ्ठी, की तुरीच्या कडेने दोन ओळी टाक, धरायचं झालं तर मी येते, मोठं फूल धरू नको. त्याने फोनवर नुसतं “बघतो” म्हटलं. बघतो म्हणजे नाही, असं आमच्याकडे असतं.

मग ऑक्टोबरात एका सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला. इतक्या सकाळी फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. “काय रे, सगळं बरं आहे ना?”

“बरंय की. ताई, तुझं बी चांगलं आलंय. माना घातल्यात बघ खाली, सांगितल्यासारख्या. मी म्हणलं आज चिंध्या—”

मागून तो आवाज आला. पंधरा-वीस तरी असतील. “थांब जरा,” म्हणून त्याने फोन बहुधा बांधावरच ठेवला, कारण आधी गवताची खसखस ऐकू आली, आणि मग लांबून, साठीला आलेल्या माणसाच्या चिरक्या आवाजात, हाऽऽऽ हुर्र्या!

मी गॅस बंद केला आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. पलीकडून कुणी ओ देतंय का, ते ऐकत.